घासलेली माशी

"मिस व्हर्लीन, तेवढं परत एकदा करून दाखवा," रॉस्को म्हणाला.

समोरच्या कागदावर काळ्या ठिपक्याच्या मधोमध भोक पडलं होतं. मागे बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी कॉफीचे पेले खाली ठेवले. व्हर्लीन स्टॅम्परने आयुष्यात पहिल्यांदाच पिस्तूल झाडलं होतं, आणि झाडल्यावर सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर डोळे उघडले होते.

"परत कशाला? लागली ना?"

"लागली, म्हणूनच म्हणतोय."

तिने पुन्हा पिस्तूल उचललं, खांदे कानापर्यंत नेले, ओठ घट्ट मिटले आणि अडकलेला ड्रॉवर हिसकून ओढावा तसा चाप ओढला. दुसरं भोक पहिल्याला चिकटून पडलं. बाकावर एकच हशा उसळला. "डेलबर्टने जाताना घर, गाडी आणि हात, सगळंच बायकोच्या नावावर केलेलं दिसतंय!" कोणीतरी ओरडलं. व्हर्लीनलाही हसू आवरेना. डेलबर्ट गेल्यापासून ती इतकी मोकळी हसली नव्हती.

रॉस्को प्रेटर तेवढा हसला नाही. तो कागदाकडे बघतच नव्हता, तिच्या मुठीकडे बघत होता. आठवडाभर शाळेच्या बस दुरुस्त करायच्या आणि शनिवारी बक क्रीकच्या या जुन्या दगडखाणीत लोकांना नेमबाजी शिकवायची, हा त्याचा शिरस्ता. हे शिकवण्याचं काम आधी डेलबर्टचं होतं, आणि रॉस्को त्याचाच चेला.

व्हर्लीन त्याला तो सहा वर्षांचा असल्यापासून ओळखत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभी हयात काढली होती, आणि कोण ताटात काय टाकतो यावरून ती माणूस लक्षात ठेवायची. रॉस्को गाजर टाकायचा, आणि शाळेतल्या सवयीने तिला अजून 'मिस'च म्हणायचा. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आले होते, पण कोडं पडलं की तो अजून तसाच खालचा ओठ चावायचा.

"काय झालं रे? असा काय बघतोस?"

"काही नाही. गोळी बरोबर लागतेय आणि बाकी सगळं चुकतंय."

"मग चांगलंच आहे की. तेवढंच तर पाहिजे मला."

तिला खरोखरच तेवढंच पाहिजे होतं. बक क्रीकमध्ये पानगळीच्या दिवसांत हॅमची स्पर्धा होते. जिंकणाऱ्याला धुरावलेल्या हॅमची, म्हणजे डुकराच्या मांसाची, अख्खी तंगडी मिळते. स्पर्धा फक्त छोट्या पिस्तुलांची, कोटाच्या खिशात किंवा शर्टाखाली ठेवून फिरायची तसली. ती तिथल्या निम्म्या लोकांच्या खिशात बाराही महिने असतातच. लांब नळीच्या मोठ्या पिस्तुलाने कोणीही मारेल, असं नेमबाजीच्या क्लबवाले म्हणतात. खिशातल्या पिस्तुलाची नळी बोटभर, मूठ एवढीशी, करंगळी खाली लोंबकळत राहते. हात केसभर हलला तरी गोळी वाट सोडते. त्याने मारून दाखवा.

आणि या स्पर्धेची एक रीत आहे. सुरुवातीची एक गोळी आदल्या वर्षीच्या विजेत्याच्या पिस्तुलातून सुटते. विजेता हयात नसेल तर त्याच्या घरचं माणूस ती झाडतं. तो कागद मग क्लबातल्या शेगडीमागच्या भिंतीवर, आधीच्या सगळ्या कागदांच्या रांगेत, खिळा ठोकून लावतात. घरचं कोणीच उभं राहिलं नाही, तर मान दुसऱ्या नंबरच्या माणसाकडे जातो आणि तो आपल्याच पिस्तुलातून झाडतो.

डेलबर्टला मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या नंबरवर सलग तीन वर्षं एल्डन फ्युगेट होता. डेलबर्टचं क्रियाकर्म उरकलं त्याच आठवड्यात एल्डन घरी डबा घेऊन आला होता आणि जाता जाता म्हणाला होता, "व्हर्लीन, त्या स्पर्धेचं तू मनावर घेऊ नकोस हं. मी आहे ना." डबा बरा होता, पण ते वाक्य तिच्या घशाखाली उतरलं नाही. डेलबर्टच्या नावाचा शेवटचा कागद एल्डनच्या हातचा असणार हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने पिस्तुलाला कधी बोट लावलं नव्हतं. त्याचा नाद त्याला लखलाभ म्हणायची. आता मात्र ती कपाटातलं त्याचं पिस्तूल आणि खुंटीवरचा त्याचा जाड्या कापडाचा कोट घेऊन खाणीत हजर झाली होती.

"मॅगझिन द्या इकडे," रॉस्को म्हणाला. पाठ वळवून त्याने काडतुसं भरली. "आता मारा."

पहिली गोळी आधीसारखीच सुटली. दुसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा नुसतं 'टक्' झालं, आवाज नाही की धक्का नाही, पण पिस्तुलाच्या नळीने खाली डावीकडे अशी काही डुबकी मारली की व्हर्लीनला स्वतःलाच दिसलं.

"अगंबाई! हे काय?"

"मी मध्ये एक खोटं काडतूस घातलं होतं. आता दिसलं ना? धक्का बसायच्या आधीच तुमची मूठ घाबरून आवळते. बोट एकटं जात नाही, अख्खा हात बरोबर नेतं."

"शाळेच्या पोरांसारखं," ती म्हणाली. "एकाला पाणी प्यायला सोडलं की वर्ग उठतो."

"अगदी बरोबर. दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, आणि हे एवढं बोट सावकाश सरळ मागे. बाकीच्या मुठीला कळताही कामा नये."

"पण रॉस्को," तिने चष्मा वर सरकवला, "मी जर अशी खाली डावीकडे ढकलत असेन, तर गोळी मधोमध कशी लागते?"

"तेच तर मला कळत नाहीये."

आता व्हर्लीनला चैन पडणं शक्य नव्हतं. तिचा स्वभावच तसा. केक एका बाजूने का बसला, नळ पहाटेच का कुरकुरतो, पाद्रीबुवांनी अचानक मिशी का काढली, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. "व्हर्ली, तुझ्या त्या 'का'ला पोटच नाही, कितीही घाला," असं डेलबर्ट म्हणायचा.

रॉस्कोने तिला घरी करायचा सराव सांगितला. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघायचं, भिंतीवरचा एखादा डाग धरायचा, नळीच्या वरच्या अंगाला, पार पुढे, एक नाणं ठेवायचं आणि चाप दाबायचा. नाणं पडलं तर हात हलला. "डेलबर्टचं नाणं जेवणाची वेळ झाली तरी पडायचं नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने शेगडीवर बीन्स ठेवले आणि तिथेच, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून, सराव सुरू केला. नाणं पडलं, टणकन. उचललं, ठेवलं, पुन्हा पडलं. असं बऱ्याचदा झालं आणि मग ती वाकलेली असतानाच थांबली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

मागच्या दोनतीन हिवाळ्यांत डेलबर्टच्या कामाच्या खोलीतून हाच आवाज यायचा. टणकन, मग थोडं शांत, मग टणकन. तिला वाटायचं, खिशातली चिल्लर सांडतोय. एकदा तिने विचारलंही होतं, तर तो दार न उघडताच म्हणाला होता, "हार्डवेअरच्या दुकानातून कटकट आणलीये घरी." तो कामाला होता त्या दुकानातली कुलपं तो त्या खोलीत दुरुस्त करायचा, किल्ल्या घासायचा, त्यामुळे ती पुढे काही बोलली नव्हती. पण त्याआधी इतकी वर्षं तो त्या खोलीत सराव करत आला होता, तेव्हा हा आवाज कधीच आला नव्हता. ज्याचं नाणं पडतच नाही त्याच्या खोलीतून आवाज यायला लागला, तो का? बीन्स तळाला लागल्याचा वास आला तेव्हा कुठे ती भानावर आली.

पुढच्या शनिवारपर्यंत तिचं नाणं दहातून चार वेळा जागेवर राहायला लागलं होतं. आपण आता चांगलंच मारणार अशा ऐटीत ती उभी राहिली. डोळे उघडे ठेवले, श्वास सोडला, बोट सावकाश मागे नेलं. गोळी काळ्याच्या बाहेर, उजवीकडे वर गेली.

"असू दे," रॉस्को म्हणाला.

त्याच्या पुढच्या शनिवारी तिचा हात आणखी सुधारला आणि गोळ्या आणखी उजवीकडे, आणखी वर गेल्या. एकमेकींना चिकटून, नीट गुच्छ करून, पण काळ्यापासून वीतभर लांब. बाकावरचं हसणं आता वेगळ्या चवीचं झालं होतं. एल्डन तर उठून जवळ आला. ताडमाड उंच, सदा तोंडात दातकोरणं.

"व्हर्लीन, पहिल्या दिवशी डोळे मिटून मारत होतीस ना? मग तेच कर बाई. शिकून बिघडलीस तू."

"तू दुसऱ्या नंबरला बसायची सवय कर, एल्डन. तुला जमतं ते."

तो हसला, पण कान लाल झाले. व्हर्लीनच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. स्पर्धा दोन आठवड्यांवर आली होती. सगळा तालुका जमणार, आणि डेलबर्ट स्टॅम्परच्या नावाच्या कागदावर काळं कोरं राहून कडेला कुठेतरी भोक पडणार. ते मग शेगडीमागे कायमचं टांगलेलं, आणि दर हिवाळ्यात तिथे शेकत बसलेल्या प्रत्येकाला दिसणार.

"रॉस्को, काय चुकतंय माझं?"

"काही नाही, मिस व्हर्लीन. तीच तर गंमत आहे. तुमचं आता काहीच चुकत नाही." त्याने ओठ चावला. "आणा इकडे ते."

डेलबर्टचं पिस्तूल त्याने पहिल्यांदाच हातात घेतलं. जिवंतपणी डेलबर्ट ते कोणाला हात लावू देत नसे. रॉस्कोने पाय रोवले आणि सावकाश चार गोळ्या झाडल्या. चारही उजवीकडे वर, थेट व्हर्लीनच्या गुच्छात जाऊन बसल्या.

त्याने पिस्तूल रिकामं केलं आणि ते घेऊन तो खाणीच्या टोकाला, आपल्या गाडीकडे गेला. व्हर्लीन मागोमाग गेली. गाडीच्या मागच्या फळीवर फडकं पसरून त्याने पिस्तूल उजेडात धरलं. छोट्या पिस्तुलावर नेम धरायला दोनच गोष्टी असतात: डोळ्याजवळ एक खाच आणि नळीच्या टोकाला एक इवलीशी उभी माशी. खाचेच्या मधोमध माशी दिसली की नेम धरला.

"ही मागची खाच बघा. मधोमध असायला पाहिजे ना? उजवीकडे सरकवलीये. ठोकून सरकवलीये कोणीतरी, पण कुठे ओरखडा नाही. आणि ही माशी." त्याने नखाने दाखवलं. "वरून घासलीये. कानसीने. घासून पुन्हा काळी केलीये, म्हणून कळत नाही."

"म्हणजे काय होतं?"

"खाच उजवीकडे नेली की गोळी उजवीकडे जाते. माशी ठेंगणी केली की गोळी वर जाते. सरळ हाताने मारलं तर चुकणारच. हे पिस्तूल खाली डावीकडे ओढणाऱ्या माणसासाठी केलंय. तुम्ही पहिल्या दिवशी तशाच ओढत होतात, म्हणून लागलं." त्याने माशीवरून बोट फिरवलं. "डेलबर्टशिवाय याला कोणी हात लावत नव्हतं. आणि एवढी सफाईची कानस आपल्या गावात दुसऱ्या कोणाची होती?"

व्हर्लीन ती माशी बघत राहिली. किल्लीचा दात घासावा तशी, सपाट, नीटस.

"मग त्यात काय बिघडलं?" ती जरा तोऱ्यात म्हणाली. "त्याचं पिस्तूल, त्याने घासलं. नियमात बसत नाही का?"

"क्लबच्या नियमात बसतं. त्याच्या नियमात बसत नव्हतं." रॉस्को हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मी नवीन होतो तेव्हा माझ्या गोळ्या डावीकडे जायच्या. एक दिवस मी गुपचूप खाच सरकवली. त्याच्या लक्षात आलं. सगळ्यांसमोर असा फाडला मला! म्हणाला, आधी बोट सरळ कर, मग लोखंडाला शिकव. महिनाभर ही खाण झाडायला लावली. आणि हॅम... तीन वर्षं हॅम त्याने याच्यावर नेली."

"चोरून नेली असं म्हणायचंय तुला?"

"नाही नाही. उलट हे जास्त अवघड आहे, प्रत्येक वेळी हात तेवढाच आणि तसाच चुकायला पाहिजे." त्याने पिस्तूल फडक्यात गुंडाळलं आणि मग हळूच विचारलं, "मिस व्हर्लीन, त्याचा हात ठीक होता ना?"

"ठीक म्हणजे? धडधाकट होता! हृदय बंद पडून गेला तो, हाताने नाही!" ती एकदम खेकसली आणि आपल्या गाडीत जाऊन बसली.

गाडी तिने सुरू केली नाही. किल्ली हातात धरून ती बसून राहिली, आणि इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेल्या एकेक गोष्टी तिला आता दिसायला लागल्या. डेलबर्टने दुकानातलं किल्ल्यांचं काम सोडलं होतं, डोळे दमलेत म्हणून. पण पेपर तर तो चष्म्याशिवाय वाचायचा. कॉफी ओतणं त्याने बंद केलं होतं. बाहीची बटणं लावणं सोडलं होतं, बाह्या दुमडून फिरायचा, थंडीतसुद्धा. हॅम घेताना गेली तीन वर्षं तो एल्डनशी हस्तांदोलन करताना डावा हात पुढे करायचा, आणि एल्डन गावभर सांगत सुटला होता की जिंकून जिंकून स्टॅम्परला माज आलाय.

आणि तो ईस्टर. चर्चमध्ये सगळे उभे राहून गात होते. लग्न झाल्यापासून प्रत्येक रविवारी डेलबर्ट गाताना तिचा हात हातात घ्यायचा, तसा त्या दिवशीही घेतला होता. एकाएकी त्याची मूठ आवळली. इतकी, की तिची अंगठी शेजारच्या बोटात रुतली आणि ती भर गाण्यात ओरडली. लोक वळून बघायला लागले. तिने हात हिसकून घेतला आणि म्हणाली, "माझी बोटं मोडायचीत का तुला?" तो लालेलाल झाला. चुकून झालं, एवढंच म्हणाला. पुढच्या रविवारी त्याने हात कोटाच्या खिशात घातला, तो चर्चमध्ये पुन्हा कधी बाहेर काढला नाही.

तिला वाटलं, रागावलाय. मग तिलाही राग आला. तू हट्टी तर मीही हट्टी. एकदा तिने टोमणा मारला होता, "खिशात काय सोनं ठेवलंयस?" तो हसून म्हणाला होता, "पिस्तूल आहे." आणि ते होतंच. तीन वर्षं ती त्याच्या शेजारी बसून गात राहिली आणि मनात म्हणत राहिली, याचं माझ्यावरचं प्रेम आटलं. साऱ्या जगाला 'का' विचारणारी बाई, आपल्या नवऱ्याला मात्र तिने हे एक 'का' विचारलं नाही. मानापमान आडवा आला. तो दाराआड नाणी पाडत बसला होता आणि ती इकडे टीव्हीचा आवाज वाढवत होती. गाडीच्या चाकावर कपाळ टेकून ती रडली, अगदी लहान पोरासारखी, नाक गळेपर्यंत.

रॉस्कोने काचेवर टकटक केली. तिने काच खाली केली.

"बोट एकटं हलत नव्हतं त्याचं," ती म्हणाली. "अख्खी मूठ मिटायची. मला ठाऊक होतं रॉस्को. म्हणजे, माझ्या हाताला ठाऊक होतं."

रॉस्कोने दोन्ही हात काचेच्या कडेवर टेकले. "सांगितलं असतं तर आम्ही काय हसलो असतो का त्याला?"

"हसला असतात. थोडंसं."

त्याने ते नाकारलं नाही. मग कामाचं बोलला. "मी खाच ठोकून मधोमध आणतो. माशी नवी मागवतो, पुढच्या आठवड्यात येईल. पिस्तूल सरळ होईल आणि तुमचा हात आता सरळ आहेच. काळजीचं काही कारण नाही."

"नको."

"मग?"

"त्याने घासलंय ते. तू त्याला हात लावायचा नाहीस."

"बरं. मग दुसरं सांगतो. नेम मध्ये धरायचाच नाही. काळ्याच्या खाली डावीकडे कागदाचा कोपरा आहे ना, तिथे धरायचा आणि बोट सरळ दाबायचं. गोळी आपोआप मध्ये येईल. कोणाच्या बापाला कळणार नाही."

तिने मान डोलावली. उरलेले दिवस त्यांनी तोच सराव केला, म्हातारे बाकावर नसतील अशा वेळी. कोपरा धरला की गोळी काळ्यात यायला लागली.

स्पर्धेच्या दिवशी खाणीत गाड्या मावेनात. मोठ्या हंड्यात बीन्स रटरटत होते, मक्याच्या पावाचे तुकडे पडत होते, आणि टेबलावर हॅमची तंगडी फडक्यात बांधून ठेवली होती. गार वारा होता. व्हर्लीनने डेलबर्टचा कोट घातला होता. बाह्या तिला लांब व्हायच्या, म्हणून दुमडल्या होत्या.

एल्डन आला. दातकोरणं आज तोंडात नव्हतं, कोटही इस्त्रीचा होता. "ते पिस्तूल बघू जरा, व्हर्लीन. तीन वर्षं मला हॅमपासून लांब ठेवलंय त्याने. एकदा हातात तरी घेऊ दे."

एल्डनने त्या माशीकडे एकदा नीट बघितलं की झालंच. "आधी पिस्तुलाला बोलू दे," ती म्हणाली आणि रेषेकडे निघाली.

रॉस्को तिच्या बाजूला उभा राहिला. त्याने डेलबर्टचं नाव घेतलं तसे सगळ्यांनी टोप्या काढल्या, मग कानांवर आवाज अडवणारी टोपणं चढवली. खाण शांत झाली. व्हर्लीनने पिस्तूल उचललं. ठरल्याप्रमाणे खाली डावीकडचा कोपरा धरला. माशी खाचेत बसली, हात स्थिर होता, बोट चापावर. आता नुसतं दाबायचं, की गोळी मध्ये, कागद भिंतीवर, आणि सगळं नीट पार पडलं असतं.

पण तिला ते पटेना. डेलबर्टने कधी कोपरा धरला नव्हता. त्याने मधोमधच बघितलं होतं, दर वेळी, आपली मूठ आपल्याला दगा देणार हे ठाऊक असून. तिने नळी उचलली आणि काळ्या ठिपक्यावर आणली.

"मिस व्हर्लीन," रॉस्को दातांतल्या दातांत पुटपुटला, "कोपरा. कोपरा धरा."

तिने हात हलवला नाही. सरळ दाबलं असतं तर गोळी उजवीकडे वर, सगळ्या तालुक्यासमोर हुकणार होती. रॉस्कोला ते कळत होतं. व्हर्लीनला ईस्टरचं गाणं आठवलं. अंगठी रुतलेलं बोट आठवलं. ते कुठून, किती, कसं आवळलं गेलं होतं ते तिच्या हाताने तीन वर्षं जपून ठेवलं होतं. तिने अख्खी मूठ तशीच मिटली.

पिस्तूल कडाडलं. गोळी काळ्यात लागली होती. अगदी मधोमध नाही, जराशी खाली, पण काळ्यात. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी डेलबर्टच्या नावाने आरोळी ठोकली.

रॉस्को कागद काढून घेऊन आला. त्याचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र खडसावल्यासारखा होता. "इतकी वाईट ओढ मी वर्षभरात बघितली नव्हती."

"ठाऊक आहे."

"ही मी शिकवली नव्हती."

"नाही," ती म्हणाली. "तू नाही शिकवलीस."

त्याने पिस्तूल रिकामं केलं, बघितलं, तिच्या हातात दिलं आणि तो खिळा शोधायला क्लबाकडे गेला. तिने पिस्तूल कोटाच्या उजव्या खिशात टाकलं आणि हात तिथेच ठेवला. एल्डन टोपी हातात घेऊन समोर उभा होता. पिस्तूल बघायचं तो विसरून गेला होता.

"व्हर्लीन, खोटं नाही सांगत. तू तो चाप ओढलास ना, क्षणभर मला वाटलं तोच उभा आहे," तो म्हणाला आणि त्याने अभिनंदनासाठी हात पुढे केला.

व्हर्लीनने डावा हात पुढे केला. एल्डनने त्या हाताकडे बघितलं, मग खिशात राहिलेल्या हाताकडे, आणि त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. मग त्याने टोपी काखेत धरली आणि तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.